गाळ कोणाचा, पाणी कोणाचं?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, हवामान बदल हा शब्द आता आपल्याला नवा राहिलेला नाही. अवकाळी पाऊस, गारपीट, ऐन पिकाच्या भरात पडणारा पावसाचा खंड हे सगळं आपण अनुभवतो आहोत. २०२३ चा ऑगस्ट तर १९०१ पासूनच्या नोंदींमधला देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. त्यामुळे शेती बदलली पाहिजे, असं आता सगळेच सांगतात. पाणी कमी वापरा, रासायनिक खतं कमी करा, बांधावर झाडं लावा, डोंगर राखा. सल्ला चुकीचा नाही. पण या सल्ल्याबरोबर एक प्रश्न विचारायला हवा आणि तो सहसा विचारला जात नाही. हा बदल करायचा कोणी, त्याचा खर्च सोसायचा कोणी आणि त्याचा लाभ पडणार कोणाच्या पदरात?

या प्रश्नाला अलीकडे एक भारदस्त नाव मिळालं आहे, ‘न्याय्य संक्रमण’. ही कल्पना मुळात कामगार चळवळीतली. प्रदूषण करणारा कारखाना बंद करा, कोळशाची खाण बंद करा, पण तिथं घाम गाळणाऱ्या माणसाचं पुढं काय, हे आधी ठरवा, एवढाच तिचा साधा अर्थ. २०१५ च्या पॅरिस कराराच्या प्रस्तावनेतही तिचा उल्लेख आहे. पण खाणीतल्या कामगाराचं नाव निदान हजेरीपटावर असतं. आपल्यासारख्या देशांत शेतीवर जगणाऱ्या निम्म्या माणसांचं नाव कुठल्याच कागदावर नसतं. बटाईनं शेती करणारा, शेळ्या राखणारा, मोळी विकणारी बाई, मजुरीवर जगणारं कुटुंब यांची हजेरी कोण घेणार? शेतीतल्या न्यायाचा प्रश्न इथून सुरू होतो.

या बाबतीत मला नेहमी एका छोट्या गावाची गोष्ट सांगावीशी वाटते. गाव आपल्याकडचं नाही, हरियाणातलं आहे. शिवालिकच्या पायथ्याशी, चंदीगडजवळ वसलेलं सुखोमाजरी. चंदीगड शहर वसवताना १९५८ मध्ये तिथं सुखना नावाचा तलाव बांधला गेला. आजही चंदीगडला जाणारा माणूस तो पाहिल्याशिवाय परतत नाही. पण सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंत हा तलाव गाळानं भरत चालला होता. गाळ उपसण्यावर दरवर्षी पैसा खर्च होत होता. पाऊस आला की डोंगरावरची माती पुन्हा तलावात येऊन बसत होती.

ही माती येते कुठून, याचा शोध केंद्र सरकारच्या मृद व जलसंधारण संशोधन संस्थेच्या चंदीगड केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी घेतला. पी. आर. मिश्रा हे त्यांचे प्रमुख. शोध सुखोमाजरीच्या बोडक्या डोंगरांपर्यंत जाऊन पोचला. गावची जनावरं त्या डोंगरावर चरत, गावच्या चुली त्या डोंगरावर पेटत. डोंगर वन खात्याचा, पण पोट गावाचं. सरकारी पद्धतीनं झाडं लावली, नाले बांधले, चर खणले. जनावरांनी आणि कुऱ्हाडीनं ते टिकू दिलं नाही. गावाला दोष देणं सोपं होतं. पण गावकऱ्यांचं म्हणणं रास्त होतं. तलाव तुमच्या शहराचा, बोटीत बसणार तुम्ही. त्यासाठी आमच्या जनावरांनी उपाशी का राहायचं?

मग १९७६ मध्ये गावाजवळ मातीचा एक छोटा बंधारा झाला. त्यात पावसाचं पाणी साठलं. पुढच्याच वर्षी पावसानं दगा दिला, तेव्हा या पाण्यानं काही शेतांतलं पीक तगलं आणि गावाचे डोळे उघडले. पण लगेच दुसरा पेच पडला. ज्यांची शेतं बंधाऱ्याच्या खाली होती त्यांनाच पाणी मिळे. ज्यांची शेतं वर, किंवा ज्यांना शेतच नाही, ते म्हणू लागले की पाणी त्यांना आणि चराईबंदी आम्हाला, हा कुठला न्याय? त्यांनी जनावरं डोंगरावर नेणं चालूच ठेवलं. आणि ती डोंगरावर जाईपर्यंत गाळ काही थांबणार नव्हता.

इथं गावानं आणि मिश्रांनी मिळून जो तोडगा काढला तो मला फार मोलाचा वाटतो. ठरलं असं की पाणी जमिनीच्या मालकीवर वाटायचं नाही, घरावर वाटायचं. प्रत्येक घराला सारखा वाटा. शेत नसलेल्या घरालाही तेवढाच. त्यानं तो दुसऱ्याला विकावा किंवा दुसऱ्याच्या शेतात लावून पिकातला हिस्सा घ्यावा. त्या बदल्यात प्रत्येक घरानं आपली जनावरं डोंगरावर मोकळी सोडायची नाहीत. कुंपण घालावं लागलं नाही, रखवालदार ठेवावा लागला नाही. ज्याला पाण्यात वाटा तो आपण होऊन डोंगराचा राखणदार झाला. शेळ्या कमी झाल्या, गोठ्यात म्हशी आल्या, दूध वाढलं. डोंगरावर भाबड गवत वाढलं. ते कागद गिरण्यांना विकलं जातं. पूर्वी त्याचा लिलाव ठेकेदाराच्या नावे होई, पुढं ते गावाच्या संस्थेकडे आलं. आणि सुखना तलावाकडे जाणारा इथला गाळ ९० टक्क्यांच्या आसपास घटल्याची नोंद झाली.

श्रोतेहो, डोंगर माती धरून ठेवतो, जंगल पाणी मुरवतं, झाडं कार्बन शोषतात, मधमाश्या परागीभवन करतात. या सगळ्याला तज्ज्ञ मंडळी ‘परिसंस्था सेवा’ म्हणतात. निसर्ग हे काम फुकट करतो असं आपण समजतो. पण सुखोमाजरीनं दाखवून दिलं की ते अगदी फुकट नसतं. डोंगर राखायचा तर कोणाला तरी आपली शेळी विकावी लागते, कोणाची तरी मोळी थांबते. ती किंमत कोणी मोजली याचा हिशेब ठेवला, तरच डोंगर टिकतो.

या गोष्टीचा उत्तरार्धही सांगितला पाहिजे. गाळ थांबल्यामुळे चंदीगडचा उपशाचा खर्च वाचला. त्या वाचलेल्या पैशांतला ठराविक वाटा दरवर्षी गावाला पोचेल, अशी कायमची व्यवस्था मात्र झाली नाही. उलट ऐंशीच्या दशकात गावाच्या संस्थेच्या उत्पन्नावर आयकर लागला. पुढं गवताच्या पैशातल्या वाट्यावरून वन खात्याशी ओढाताण झाली, बंधाऱ्यांतच गाळ साठू लागला आणि पूर्वीचा जोम ओसरला. गावानं आपसात न्याय केला, पण शहर आणि गाव यांच्यातला न्याय अर्धवट राहिला.

हा अर्धवट राहिलेला भाग कोस्टा रिका या मध्य अमेरिकेतल्या लहानशा देशानं पुरा करण्याचा प्रयत्न केला. गुरांच्या कुरणांसाठी तिथं बेसुमार जंगलतोड झाली होती. ऐंशीच्या दशकात देशाच्या जेमतेम पाव भागावर जंगल उरलं होतं. १९९६ मध्ये त्या देशानं कायदा केला. जंगल तोडून जमिनीचा दुसरा वापर करायला बंदी घातली, पण त्याचबरोबर जंगल राखणाऱ्याला मोबदला देण्याचीही तरतूद केली. कायद्यानं चार सेवा मोजल्या: हवेतला कार्बन शोषणं, पाणी राखणं, जीवसृष्टी जपणं आणि निसर्गसौंदर्य टिकवणं. पैसा आणला कुठून? मुख्यतः पेट्रोल-डिझेलवरच्या करातून. जो धूर सोडतो त्यानं झाड राखणाऱ्याला द्यावं, असा सरळ व्यवहार. पुढं पाणी वापरणाऱ्यांकडून घेतल्या जाणाऱ्या शुल्कातलाही काही भाग या कामासाठी राखून ठेवला. आज त्या देशाच्या निम्म्याहून अधिक भूमीवर पुन्हा वृक्षांचं आच्छादन आहे. हे सारं श्रेय एका योजनेचं नाही. मांसाचे भाव पडले, पर्यटन वाढलं, त्याचाही हात आहे. पण योजनेचा वाटा नाकारता येत नाही.

तरी तिथंही सुरुवातीला जे झालं ते आपण लक्षात ठेवावं असं आहे. मोबदला हवा तर जमिनीचा मालकी कागद दाखवा, अशी अट होती. साहजिकच मोठे जमीनदार आणि कंपन्या पुढं आल्या. पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसणारे पण हाती कागद नसलेले मागं राहिले. ओरड झाल्यावर अटी सैल झाल्या, लहान शेतकऱ्यांना आणि आदिवासी समूहांच्या प्रदेशांना प्राधान्य मिळू लागलं. शेतात झाडं लावणाऱ्यालाही झाडामागे पैसे मिळू लागले. म्हणजे चांगल्या कायद्यालाही कागद नसलेला माणूस दिसायला काही वर्षं लागली.

आता घराच्या जवळचं उलट उदाहरण पाहा. श्रीलंकेत २०१९ च्या निवडणुकीत गोटाबाया राजपक्षे यांनी दहा वर्षांत सेंद्रिय शेतीकडे वळण्याचं आश्वासन दिलं होतं. दहा वर्षं हा विचार करण्याजोगा काळ होता. पण परकीय चलनाची टंचाई भासू लागली आणि २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यात सरकारनं रासायनिक खतं आणि कीटकनाशकं यांच्या आयातीवर एकदम बंदी घातली. लाखो शेतकऱ्यांनी पुरेसं सेंद्रिय खत आणायचं कुठून, याचं उत्तर कोणाजवळ नव्हतं. भाताचं उत्पादन घसरलं, चहाला फटका बसला, तांदळात स्वयंपूर्ण असलेल्या देशाला तांदूळ आयात करावा लागला. नोव्हेंबर २०२१ मध्ये बंदी मागं घ्यावी लागली आणि जानेवारी २०२२ मध्ये दहा लाखांहून अधिक भात उत्पादकांना भरपाई जाहीर करावी लागली. आजीच्या जिवावर उदार होणारी बाई आपण म्हणीत ऐकतो. इथं अख्खं सरकार शेतकऱ्याच्या जिवावर उदार झालं. यात सेंद्रिय शेतीचा दोष नव्हता. दोष घाईचा होता, न विचारण्याचा होता. आज श्रीलंकेत सेंद्रिय हा शब्द काढला तरी शेतकरी दचकत असेल तर त्याला नावं ठेवता येणार नाहीत. अन्यायानं लादलेला चांगला बदल पुढच्या चांगल्या बदलाचीही वाट अडवतो.

आपल्या महाराष्ट्राकडे वळू. पाणलोटाच्या कामात माझी पंचवीसएक वर्षं गेली. या कामातला सर्वांत अवघड शब्द ‘चराईबंदी’. सुरुवातीची काही वर्षं डोंगर बंद केल्याशिवाय गवत आणि रोपं तगत नाहीत, हे खरंच आहे. दुष्काळी पट्ट्यातल्या एका गावात ग्रामसभा चालली होती. बंदीचा ठराव मांडला गेला, माना डोलल्या. तेवढ्यात मागं बसलेली एक म्हातारी उठली. म्हणाली, “सायब, डोंगूर हिरवा होईल, पाणी हिरीला लागंल, समदं खरं. पर मला हीर न्हाई, रान न्हाई. पाच शेळ्या हायती. त्या तीन वर्सं काय खातील, तेवढं सांगा.” सभा गप्प झाली. शेवटी असं ठरलं की डोंगराचे तीन भाग करायचे, एका वेळी एकच भाग बंद ठेवायचा आणि बंद भागातलं गवत कापून नेण्याचा पहिला हक्क बिनजमिनीच्या घरांना द्यायचा. कामाला वेळ जास्त लागला, पण बंदी मोडली गेली नाही. ज्या गावांत असा प्रश्न विचारलाच गेला नाही, तिथं रात्री शेळ्या डोंगरावर चढल्याचं मी पाहिलं आहे.

पाणी वाढलं की ते कोणाचं, याचं उत्तरही आपल्याच मातीत सापडतं. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचं काम उभं केलं. तिथला नियम असा की पाणी जमिनीच्या क्षेत्रावर नाही, घरातल्या माणसांवर द्यायचं. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरतं. उसाला पाणी नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही आणि भूमिहीनालाही पाण्यात वाटा. सुखोमाजरी आणि नायगाव यांच्यात शेकडो मैलांचं अंतर, तरी दोन्ही गावं एकाच निष्कर्षाला आली. पाणी सर्वांचं ठरलं, तरच ते जपण्याची जबाबदारी सर्वांची ठरते.

सरकारी मदत मात्र अजून सातबाऱ्याच्याच वाटेनं चालते. पंतप्रधान किसान सन्मान योजनेत वर्षाला ६,००० रुपये मिळतात, ते जमीन नावावर असलेल्या कुटुंबाला. तोंडी करारावर दुसऱ्याचं रान कसणारा त्यात बसत नाही. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातली सुमारे ८६ टक्के शेतखाती दोन हेक्टरांच्या आतली आहेत आणि बायकांच्या नावावरची खाती जेमतेम १४ टक्के. शेतात राबणाऱ्या बायकांचं प्रमाण किती, हे खेड्यात राहणाऱ्याला सांगायला नको. ठिबक संचासारख्या बहुतेक योजनांत आधी खर्च करा, मग अनुदान खात्यात येईल, अशी रीत आहे. ज्याच्याजवळ आधी घालायला पैसा आहे त्याला ती सोयीची. ज्याच्याजवळ नाही त्याला एक तर सावकार गाठावा लागतो, नाही तर योजना सोडून द्यावी लागते. उद्या शेतातल्या झाडांना आणि मातीत साठलेल्या कार्बनला भाव मिळू लागेल, तशी बोलणी सुरूही झाली आहेत. तेव्हा पैसा सातबाऱ्यावरच्या नावाला मिळणार की बांधावर झाड जगवणाऱ्या हातांना, हे आत्ताच ठरवायला हवं.

शहरात राहणाऱ्या श्रोत्यांना वाटेल, यात आमचा काय संबंध? मुंबईला पाणी देणारे भातसा, तानसा, वैतरणा हे जलाशय शहापूर-मोखाड्याच्या डोंगराळ मुलखात आहेत. त्याच मुलखातल्या कितीतरी पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. धरणाच्या वरचं जंगल राखायला सांगायचं आदिवासींना, आणि त्या जंगलानं मुरवलेलं पाणी जायचं जलवाहिनीतून शहराला. चंदीगड आणि सुखोमाजरी यांच्यात जे झालं त्याचीच ही मोठी आवृत्ती आहे.

हाच हिशेब देशादेशांतही मांडावा लागतो. पाणी साचलेल्या भातखाचरातून मिथेन वायू निघतो, हे शास्त्र सांगतं. आलटून पालटून पाणी दिलं, मधे खाचर सुकू दिलं, तर तो बराच कमी होतो. उपाय चांगला आहे, पण तो पाणी हाताशी असलेल्याला जमतो. कोकणातल्या वीस गुंठ्यांच्या शेतकऱ्याच्या खाचरात पाणी किती ठेवायचं, हे पाऊस ठरवतो. १९९१ मध्येच अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी जगापुढं हा मुद्दा मांडला होता की पोटासाठी होणारं उत्सर्जन आणि चैनीसाठी होणारं उत्सर्जन एका तराजूत तोलू नका. पुढं २०२४ मध्ये बाकूच्या परिषदेत २०३५ पर्यंत विकसनशील देशांसाठी दरवर्षी ३०० अब्ज डॉलर उभे करण्याचं उद्दिष्ट ठरलं आणि त्यात श्रीमंत देशांनी पुढाकार घ्यायचा, असंही ठरलं. गरीब देशांनी ते अपुरं म्हणून नाराजी नोंदवली आणि ती रास्त आहे. मात्र बाहेरच्यांकडे न्याय मागताना आपण आपल्या गावात तो देतो का, हेही पाहिलं पाहिजे. दिल्लीनं वॉशिंग्टनला विचारायचा प्रश्न गावातली भूमिहीन बाई सरपंचाला विचारतेच आहे.

मग करायचं काय? मला तीन गोष्टी सुचतात आणि त्या तिन्ही कुठं ना कुठं करून झालेल्या आहेत. पहिली, मोबदला आणि पाणी यांचा वाटा घरावर किंवा माणसावर धरावा, जमिनीवर नव्हे. नायगावनं ते केलं. दुसरी, बंदी आणि बदल यांच्या आधी पर्याय पोचावा. चारा आधी, चराईबंदी मग. खत कमी करायचं तर पहिल्या दोन-तीन हंगामांत येणाऱ्या तुटीची हमी आधी. श्रीलंकेनं हे केलं नाही आणि त्याची किंमत मोजली. तिसरी, खालच्या अंगाला राहून लाभ घेणाऱ्यानं वरच्या अंगाला राहून राखणाऱ्याला नेमानं पैसे द्यावेत. मर्जीनुसार नव्हे, कायद्यानं. कोस्टा रिकानं ते सुरू केलं.

यातली तिसरी गोष्ट शहरांतल्या श्रोत्यांच्या हातात आहे. तुमच्या महापालिकेच्या पाणीपट्टीत धरणाच्या वरच्या गावांसाठी एक छोटा, वेगळा हिस्सा असावा आणि तो थेट त्या गावांच्या ग्रामसभांकडे जावा, अशी मागणी तुम्ही तुमच्या नगरसेवकाकडे करू शकता. रक्कम चहाच्या एका कपाएवढी असली तरी चालेल. पाणी फुकट येत नाही, ते कोणीतरी राखतं म्हणून येतं, एवढं बिलावर छापलं गेलं, तर वरच्या गावातल्या माणसाला तुमच्याशी बरोबरीनं बोलता येईल.